मास्तरांच्या चाकूचा झिजलेला खटका

जबाब देणारी: ताडपत्र्या आणि कापडी छते शिवणाऱ्या कारखान्यातील शिवणखात्याची मुकादम. वय अठ्ठावन्न. राहणार कारखान्याच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर, एकटी.

मी ठाण्यात आपण होऊन आले आहे. मला कोणी पाठवलेले नाही. विचारल्यावरून आणि न विचारताही सांगते ते असे.

वर लिहिलेल्या कारखान्यात मी तरुणपणापासून कामाला आहे. माझे दोन भाऊ तेथेच आहेत. थोरला कटिंगमास्तर आहे. त्याला सगळे मास्तर म्हणतात, मालकही म्हणतात. धाकटा त्याच्या हाताखाली कापतो. त्याला खटपट्या म्हणतात, कारण बंद पडलेली कोणतीही वस्तू तो उघडतो. उघडलेली प्रत्येक वस्तू पुन्हा चालू होते असे नाही. दोघे एकाच घरात राहतात, दोघेही माझ्याहून लहान आहेत.

मागच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीनंतर थोरला लांब टेबलावर छताचा कोपरा कापत होता. कोपऱ्याला जाड कापडाचे थर एकावर एक येतात, तेथे कातरी चालत नाही, चाकूच लागतो. पाते थरांत अडकले. ते सोडवण्यासाठी त्याने चाकू वर-खाली हलवला असावा. तेव्हा पाते मिटले आणि मूठ धरलेल्या बोटांवर आले. मिटताना मी पाहिले नाही, माझी जागा खिडकीकडे आहे. मी वळले तेव्हा तो हात छातीशी धरून उभा होता. त्याने आवाज केला नव्हता. दुसऱ्या हाताने तो कापड बाजूला सारत होता, डाग पडू नये म्हणून.

अंगठ्याशेजारच्या दोन बोटांना जखम आहे. बोट वाकवणाऱ्या दोऱ्या तुटल्या होत्या, त्या शिवल्या आहेत असे डॉक्टरांनी सांगितले. बोटे पूर्वीसारखी मिटतील की नाही, हे ते आज सांगत नाहीत.

बुधवारी माझ्या भावजयीने, म्हणजे थोरल्याच्या बायकोने, या ठाण्यात तक्रार दिली. धाकट्याने चाकूचा खटका, म्हणजे उघडे पाते धरून ठेवणारी कळ, मुद्दाम घासून निकामी केला, त्याला मास्तरांचे टेबल, म्हणजे त्यांची जागा, हवी होती, असे तिचे म्हणणे आहे. त्याच दिवशी धाकट्याला येथे आणले. त्याने "हो, घासलं मीच," एवढे सांगितले आणि त्यापुढे तोंड उघडले नाही. तो आत आहे. काल मी त्याला डबा दिला. मी विचारले, "का घासलंस?" तो म्हणाला, "ताई, भाजी कमी घालत जा, इथे फेकावी लागते." मी पुन्हा विचारले. तो म्हणाला, "दादाला विचार."

तक्रारीत एका भांडणाचा उल्लेख आहे. ते खरे आहे. घटनेच्या आदल्या आठवड्यात दोघे टेबलाशी बोलत होते आणि धाकट्याचा आवाज चढला. "तुला आता होत नाही, दादा, उतर टेबलावरून." हे सर्वांनी ऐकले. मीही ऐकले. मला वाईट वाटले. टेबलावरून कोणी कोणाला उतर म्हणत नाही. थोरल्याने पट्टी टेबलावर आपटली आणि म्हणाला, "आधी सरळ कापायला शीक." नंतर दोघे एकमेकांशी बोलत नव्हते.

आमच्याकडे प्रत्येकाचा चाकू स्वतःचा असतो. तो कंबरेच्या पिशवीत राहतो आणि घरी जाताना सोबत जातो. दुसऱ्याचा चाकू कोणी उचलत नाही. उचलला तर लोक जेवायला शेजारी बसत नाहीत. कारण असे, की रोज हातातल्या खटक्याची सवय हाताला असते, परक्या खटक्याची नसते. म्हणून धाकट्याने मास्तरांच्या चाकूला कानस लावली हे कळल्यावर कारखान्यात कोणी त्याच्या बाजूने बोलले नाही. मीही बोलले नाही.

माझा समज असा होता की चाकूचे खटके सगळे सारखे. उघडले की टक्‌ आवाज येतो, मिटताना दाबायचे. त्यात बघण्यासारखे काय असते, हे मला या प्रकरणापर्यंत माहीत नव्हते. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी सर्वांना आपापला चाकू लांब टेबलावर ठेवायला सांगितले. आपला चाकू दुसऱ्याला दाखवायची पद्धत नाही, म्हणून लोक आधी थांबले. मग ताडपत्र्यांना कड्या ठोकणाऱ्याने ठेवला. तो म्हणाला, "बाई, चाकूंची शाळा भरवली की काय? हजेरी घ्या." मशीनवालीने तिचा ठेवला आणि म्हणाली, "माझा नापास होणार. घरून अभ्यास करून येत नाही."

चाकू तीन तऱ्हेचे निघाले. एका तऱ्हेत मुठीच्या आत पोलादाची पातळ पत्ती असते. पाते उघडले की पत्ती बाजूने सरकून त्याच्या बुडाखाली उभी राहते, जशी दाराला आतून काठी लावावी. मिटवताना ती अंगठ्याने बाजूला ढकलायची. दुसऱ्या तऱ्हेत खटका मुठीच्या पाठीवर असतो. तेथे एक दांडा आहे, त्याचा आकडा पात्याच्या बुडातल्या खाचेत वरून पडतो. मिटवताना पाठीवर जोर देऊन दांडा दाबायचा. तिसऱ्या तऱ्हेचा एकच होता, त्याला मानेशी कडे असते, ते फिरवायचे. तो आमच्या सर्वांत जुन्या शिलाईवालीचा. तिचे कडे कापडाच्या धुळीने इतके बसले आहे की फिरवायला ती दात लावते. मी म्हटले, "आजी, हे बरं नव्हे." ती म्हणाली, "दात माझे, कडं माझं."

पत्तीच्या चाकूंत मला असे दिसले. पत्तीचे टोक आणि पात्याचे बूड प्रत्येक उघडण्याला एकमेकांवर घासतात. पात्याचे पोलाद कडक, पत्तीचे त्या मानाने मऊ, म्हणून झिजते ती पत्ती. झिजली की ती आणखी आत सरकते आणि पुन्हा टेकते. म्हणजे नव्या चाकूत पत्ती अलीकडच्या कडेला असते आणि जुन्यात पलीकडच्या भिंतीकडे गेलेली. पत्ती कोठवर आली ते पाहून चाकू किती वापरला हे सांगता येईल असे मला वाटले. पण तसे नाही. कड्या ठोकणाऱ्याचा आणि मशीनवालीचा चाकू एकाच दुकानातून एकाच वेळी आणलेला आहे. तिची पत्ती अजून अलीकडे आहे. त्याची पलीकडच्या भिंतीला टेकली आहे. ती चाकू दोन्ही हातांनी उघडते. तो मनगटाला झटका देऊन उघडतो, दिवसभर, काम नसले तरी, आवाजासाठी. मी त्याला म्हटले, "तुझ्या खटक्याचं आयुष्य तू वाजवून संपवलंस." तो म्हणाला, "बाई, कारखान्यात रेडिओ नाही, माणसानं करायचं काय?" पण नंतर त्याने चाकू हळू उघडला. मी पाहत नाही असे त्याला वाटले होते.

पाठीच्या खटक्यात झीज वेगळी असते. आकडा वरून खाचेत पडतो, त्यामुळे झटक्याने उघडले तरी विशेष बिघडत नाही. खाच मात्र हळूहळू मोठी होते आणि पाते हलत्या दातासारखे वर-खाली हलते. हलते, पण मिटत नाही. खाचेत धागे आणि मेण साठले तर आकडा पूर्ण बसत नाही, हा त्याचा धोका.

हे तपासाशी संबंधित नाही असे जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी येथे सांगितले. नंतर त्यांनी टेबलाच्या खणातून स्वतःचा चाकू काढला आणि त्याचा खटका कोणत्या जातीचा ते विचारले. तो पाठीचा आहे. खाचेत बिस्किटाचा चुरा होता.

शुक्रवारी, म्हणजे काल, साहेबांनी मला थोरल्याचा चाकू दाखवला. तेव्हा साहेब, मी आणि महिला शिपाई असे तिघे होतो. चाकू पत्तीचा आहे. साहेबांनी पाते उघडून त्याची पाठ टेबलाच्या कडेवर, कापड मध्ये घालून, हलकी आपटली. दुसऱ्या वेळी पत्ती निसटली आणि पाते मिटले. साहेबांचा चाकू तसाच आपटला, तो मिटला नाही.

माझ्या मनात वेगळे होते. आमच्याकडे हाताने शिवायचा दोरा मेणावरून ओढतात, प्रत्येकाच्या अंगठ्याला मेण असते. पाठीच्या खटक्यात अंगठा पात्यापासून लांब राहतो. पत्तीच्या खटक्यात अंगठा नेमका पत्तीवर येतो आणि मेण तिच्या टोकाला लागू शकते. टोक बुळबुळीत झाले तर पत्ती निसटेल. मग त्यात कोणाचाच दोष नाही. हे मी साहेबांना सांगितले. महिला शिपाईने कापसाचा बोळा रॉकेलमध्ये भिजवून आणला आणि टोक पुसले. कापूस पिवळा झाला. मेण होते. मला हायसे वाटले. साहेबांनी चाकू कोरडा करून पुन्हा आपटला. पाते पहिल्याच फटक्याला मिटले.

टोक स्वच्छ झाल्यामुळे कानशीच्या रेघा आता डोळ्यांना सरळ दिसू लागल्या. माझ्या सांगण्यावरून कापूस आणला होता. साहेबांनी चाकू टेबलावर ठेवला. त्यांनी चहा मागवला.

चहा येईपर्यंत महिला शिपाई फोनच्या कॅमेऱ्याने टोक मोठे करून पाहत होती. तिने विचारले, "मावशी, या रेघांवर मधोमध चमक का आहे?" मी पाहिले. रेघा टोकाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आहेत. मध्ये मुगाच्या डाळीएवढा भाग गुळगुळीत आहे आणि तेथे रेघा पुसट होत गेल्या आहेत. हे कशाने झाले असावे यावर आम्ही तिघांनी आपापले अंदाज केले. साहेब म्हणाले, तेथे कानस नीट लागली नसेल. मी म्हटले, लागली आहे, रेघा त्या चकाकीच्या खालीही आहेत. पुसट आहेत, पण आहेत. मग शिपाई म्हणाली, "म्हणजे घासल्यावर चाकू वापरलाय."

ते बरोबर आहे. मशीनवालीच्या पत्तीवरही तशीच चमक आहे, पात्याचे बूड जेथे टेकते त्याच जागी. एवढी चमक एका दिवसात येत नाही. थोरला दिवसभरात चाकू किती वेळा उघडतो हे मी मोजलेले नाही, पण काम चालू असताना त्याचा टक्‌टक्‌ आवाज मला माझ्या जागेवर येतो. खटका घासल्यानंतर निदान काही आठवडे तो चाकू त्याच्याच हातात होता.

येथे मला असा प्रश्न पडला. खटका आधी कसा होता आणि घासल्यावर कसा झाला, यातला फरक आपल्या चाकूची सवय असलेल्या माणसाला किती दिवसांनी कळेल? मी तेथेच साहेबांच्या पेन्सिलीचे शिसे, निसरडे व्हावे म्हणून, माझ्या चाकूच्या पत्तीला लावून पाहिले. पहिल्यांदा मिटवतानाच कळले. अंगठा रिकामा गेल्यासारखा वाटतो. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी तसा. पेन्सिलीने एवढा फरक, तर कानशीने किती पडेल?

म्हणजे थोरल्याला माहीत होते. पहिल्या दिवसापासून माहीत होते, आणि तो त्याच चाकूने कापत राहिला.

ज्याचा खटका निकामी झाला आहे हे माहीत आहे, तो चाकू माणूस का वापरील, असे साहेबांनी विचारले.

पत्तीवर आणखी खुणा आहेत. अंगठा जेथे टेकतो त्या कडेला बारीक खड्डे आहेत, नखाने पीठ टोचावे तसे. हे खड्डेही प्रथम महिला शिपाईला दिसले. इतर कोणाच्या पत्तीवर असे खड्डे नाहीत. अंगठ्याने पोलादाला खड्डा पडत नाही. मी माझ्या पिशवीतली बोथट दाभण, जिने आम्ही कापडाची छिद्रे रुंद करतो, ती एका खड्ड्यावर टेकवली. टोक बरोबर बसले. म्हणजे मास्तर पत्ती अंगठ्याने ढकलत नव्हते. दाभणीने ढकलत होते. खड्ड्यांच्या आत काळे साचले आहे, त्यांच्या कडा अंगठ्याने घासून मऊ झाल्या आहेत. नवा खड्डा एकही नाही. म्हणजे खटका घासला, आणि त्यानंतर दाभणीची गरज पडली नाही.

संध्याकाळी मी कारखान्यात परत गेले. लांब टेबलाच्या खणात थोरल्याचा जुना चाकू आहे. तो पाठीच्या खटक्याचा. तो त्याने बरीच वर्षे वापरला आणि गेल्या वर्षी अचानक सोडला. पत्तीच्या चाकूंना तो आधी "पोरांची खेळणी" म्हणायचा. त्याने स्वतःच तसा घेतला तेव्हा कड्या ठोकणारा म्हणाला होता, "मास्तर, तरुण झालात." मी जुना चाकू उघडून पाहिला. पाते हलत नाही. खाच नीट आहे, आकडा पूर्ण बसतो. चाकू चांगला आहे, अजून इतकीच वर्षे चालला असता. मिटवायला मात्र पाठीवरचा दांडा जोराने दाबावा लागतो. मला दोन वेळा प्रयत्न करावा लागला. दुसऱ्या वेळी दाबला गेला.

चाकू झिजला म्हणून त्याने बदलला नव्हता. मी टेबलाशी बराच वेळ उभी होते. पहारेकऱ्याने येऊन विचारले, "बाई, दिवा घालवू का?" मी म्हटले, "घालव."

तेथून मी भावांच्या घरी गेले. भावजयीने दार उघडले. ती म्हणाली, "त्याच्यासाठी बोलायला आल्या असाल तर आत येऊ नका." मी म्हटले, "हात बघायला आले." तिने आत घेतले. थोरला खुर्चीवर होता, उजवा हात उशीवर. मी समोर बसले. भावजय चहा टाकायला गेली.

मी म्हटले, "तुझा चाकू पाहिला आज."

तो म्हणाला, "चाकूचं काय बघायचं."

"पुष्कळ असतं. मलाही माहीत नव्हतं. खटका हलका झाला तेव्हा तुला कळलं असेल."

त्याने स्वयंपाकघराकडे पाहिले. मग आवाज खाली करून म्हणाला, "ताई, अंगठ्याचं पोलिसांत सांगू नकोस. मालकाला कळलं तर संपलं."

मी तोपर्यंत अंगठ्याचे नाव काढले नव्हते.

मी विचारले, "कधीपासून?" त्याने डाव्या हाताने उशी सरळ केली. मी म्हटले, "आणि तो तिथे बसलाय तुझं झाकत." तो म्हणाला, "हिनं माझ्या मागे तक्रार दिली. मी दवाखान्यात होतो. मी तिला मागे घ्यायला लावतो." मी म्हटले, "आणि हिला काय सांगणार, का मागे घे म्हणून?" तो म्हणाला, "सांगेन काहीतरी." मी म्हटले, "काहीतरी सांगूनच इथवर आलंय."

भावजय चहा घेऊन आली आणि आमच्या तोंडांकडे पाहू लागली. तिने विचारले, "काय झालं?" थोरला म्हणाला, "साखर कमी आहे." त्याने अजून कप उचलला नव्हता.

निघताना मी त्याला सांगितले की उद्या सकाळी मी ठाण्यात जाऊन जबाब देणार आहे आणि काय देणार आहे. त्याला चल म्हटले नाही. तो म्हणाला, "तू माझीही बहीण आहेस." मी म्हटले, "हो."

आज सकाळी येथे आल्यावर मी प्रथम साहेबांना विचारले की तक्रार देणाऱ्याने तक्रार मागे घेतली तर प्रकरण संपते का. साहेबांनी सांगितले की दुखापत मोठी आहे, ते घरच्या घरी मिटत नाही, पुढे कोर्ट ठरवील. मी विचारले की मी सांगते ते मालकांपर्यंत जाईल का. साहेब म्हणाले, "जाणार. त्यांचाही जबाब घ्यायचा आहे." मग ते म्हणाले, "बाई, अजून विचार करायचा असेल तर करा. दुपारी या." मी म्हटले, "लिहून घ्या."

तरी सांगते की, माझा थोरला भाऊ, कटिंगमास्तर, याच्या उजव्या अंगठ्यात जोर राहिलेला नाही. केव्हापासून ते मला नक्की माहीत नाही. पाठीचा खटका दाबता येईना म्हणून त्याने गेल्या वर्षी चाकू बदलून पत्तीचा घेतला. पत्तीला जोर कमी लागतो. पण नव्या पत्तीचे टोक काही महिने वापरल्यावर पात्याच्या बुडाला धरून बसू लागते. आमच्या तीन-चार जणांचे बसते. आम्ही अंगठ्याने जोर देऊन सोडवतो आणि विसरून जातो. त्याला तेवढाही जोर लावता येईना, म्हणून तो दाभण वापरू लागला. दाभणीने चाकू मिटवणारा मास्तर लोकांनी पाहिला असता, म्हणून खटका हलका करणे आले. ते काम आमच्या घरात एकच माणूस करू शकतो. चाकू त्याच्या हातात थोरल्याने दिला असला पाहिजे, कारण झोपतानाही तो पिशवी उशाशी ठेवतो. धाकट्याने टोक घासले. चिकटणे थांबावे एवढेच घासायचे होते, त्याने टोकाचा उतार बदलला, म्हणून पत्ती निसटू लागली. उघडलेली प्रत्येक वस्तू परत चालू होत नाही, हे मी वर सांगितले आहे. त्याची चूक एवढी आहे. ती लहान आहे असे माझे म्हणणे नाही.

"तुला आता होत नाही, उतर टेबलावरून," हे धाकटा बोलला तेव्हा त्याला टेबल हवे होते असे मी समजले होते. मी ते वाक्य आता वेगळे समजते. त्याने घासलेला खटका निसटू लागला आहे हे त्याला दिसले असावे. नवा चाकू घे म्हटले तर नवा पुन्हा चिकटणार. पर्याय एकच उरत होता, तो त्याने मोठ्याने सांगितला. मोठ्याने सांगायला नको होते.

चाकू थोरल्याने दिला हे मी पाहिलेले नाही, मला कोणी सांगितलेले नाही. साहेबांनी विचारल्यावरून कबूल करते की तो माझा अंदाज आहे. अंदाजावर माणूस सुटत नाही असे साहेबांचे म्हणणे आहे. मी म्हटले, झिजेवरून जेवढे दिसते तेवढेच मी सांगू शकते. बाकीचे दोन माणसांना माहीत आहे. एक आत आहे आणि बोलत नाही.

हे लिहिले जात असताना महिला शिपाईने आत येऊन सांगितले की मास्तर आणि त्यांच्या पत्नी बाहेर बाकावर येऊन बसले आहेत. साहेबांनी दार लावू का असे विचारले. मी नको म्हटले. खोलीत पंखा नाही.

माझ्या माहितीप्रमाणे इतकेच आहे. धाकट्याला सोडावे अशी माझी विनंती आहे, पण विनंती जबाबात लिहीत नाहीत असे साहेबांनी सांगितले, तरी लिहिली आहे.

जबाब वाचून दाखवताना साहेब मोठ्याने वाचत होते. अंगठ्याचा भाग आला तेव्हा बाहेर भावजयीचा आवाज आला, "काय म्हणतायत या?" आणि थोरल्याचा आवाज आला, "ऐक." चाकू थोरल्याने दिला असला पाहिजे, हे वाक्य साहेबांनी वाचले तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. हात गळ्यात बांधलेला होता. साहेब थांबले. तो म्हणाला, "वाचा."

साहेबांनी उरलेले वाचून संपवले. बरोबर आहे, असे प्रथम तो म्हणाला. नंतर मी म्हटले.